मे महिन्याची जागा

आर्णीतल्या आमच्या दोन खोल्यांत आई पाळणाघर चालवायची, पण तिने त्याला कधी पाळणाघर म्हटलं नाही. "पोरं राह्यतात माह्याजवळ," एवढंच म्हणायची. पोरं बहुतेक मास्तरणींची. शाळा सुरू असली की घर भरलेलं, मे लागला की रिकामं. मास्तरणींचा पगार मेमध्येही चालू राहायचा, आईची कमाई बंद व्हायची. मग ती पऱ्हाट्या उपटायला जायची. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहिलेली वाळकी झाडं चिमट्यात धरून मुळासकट ओढायची. आदल्या वर्षीच्या मेमध्ये तिला तिथेच ऊन लागलं आणि ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर कोसळली. सलाईन लावलेली असतानाही ती विचारत होती, जूनमध्ये पोरं दुसरीकडे तर नाही ना जाणार?

ही गोष्ट त्यानंतरच्या उन्हाळ्याची, २००६ सालची. कापसाचे भाव पडलेले होते, आणि ज्यांच्या शेतात ती जायची त्यांच्याकडूनही मजुरी वेळेवर मिळत नव्हती. बीएस्सीची शेवटची परीक्षा देऊन मी घरी आले आणि ठरवलं की या उन्हाळ्यात आईला शेतात जाऊ द्यायचं नाही. उपाय साधा होता. ज्यांना जूनमध्ये जागा हवी, त्यांनी मेची अर्धी फी द्यायची. आईने ऐकून घेतलं.

"मागून पाह्य तू. मले नाही जमत मागाले."

मी आधी विमलताईंकडे गेले. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, आमच्याच विहारात यायच्या. त्यांचा राजदीप रांगायला लागला तो आमच्या घरात.

"शाळा बंद, पोरगं घरी," त्या चहा गाळत म्हणाल्या, "मंग पैसे कायचे वं?"

"जागेचे, ताई. सालभरासाठी ठेवलेल्या सालदाराले उन्हाळ्यात काम कमी असते, तरी मालक त्याले काढून देत नाही ना? काहून का पेरणीले माणूस पाहिजे. तसंच समजा."

त्या खळखळून हसल्या. "शिकलेली पोट्टी! पटलं मले. पहिल्या तारखेले पाठवतो."

तांड्यावरच्या शाळेत शिकवणाऱ्या रंजितावहिनींना तर उदाहरणही द्यावं लागलं नाही. माझं बोलणं संपायच्या आत त्यांनी पर्स उघडली. "इसार समज हा. माह्या पोरीची जागा पक्की."

इसार म्हणजे सौदा पक्का करायला आधी देतात ते पैसे. बैल घेताना देतात, जमीन घेताना देतात. मला तो शब्द आवडला.

पहिली तारीख गेली. विमलताईंकडून काही आलं नाही. मग एका दुपारी मी बाजारातून परतले तेव्हा त्या आमच्याकडून निघतच होत्या. माझ्या पाठीवर थाप मारून गेल्या. आत आई माळ्यावरून पऱ्हाट्या उपटायचा चिमटा काढत होती.

"हे काय? तू जाणार नाहीस म्हटलं होतं ना?"

"विमल आलती," आई म्हणाली. "हसून राह्यली होती. म्हणे, सत्यशीलाबाई, तुमची दीपमाला तर तुम्हाले आमची सालदारीण करून राह्यली."

"आई, ते उदाहरण होतं."

"माह्या बापानं दीक्षा घेतली त्याच साली पाटलाची सालदारी टाकली. उपाशी राह्यला, पण टाकली. अन् तू घरोघर सांगत फिरतं का माही माय सालदार हाय?"

"घरोघर नाही, त्यांनाच सांगितलं. आणि त्यांना पटलं होतं! पैसे द्यायचे नाहीत म्हणून त्यांनी तोच शब्द तुझ्यापर्यंत आणला. त्यांना माहीत आहे तो तुला कुठे लागतो ते. त्यांच्या घरचेही कुणाचे तरी सालदारच होते. डाव आहे हा त्यांचा."

"डाव तिचा असन. शब्द तुहाच हाय."

दुसऱ्या दिवशी मला न सांगता ती रंजितावहिनींकडे गेली आणि त्यांचे पैसे परत करून आली. चार दिवसांनी वहिनी बसस्टँडवर भेटल्या, तेव्हा मला कळलं.

"जागा दुसऱ्याले द्यायची होती तं सरळ सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "इसार वापस केल्यावर माणसानं काय समजावं? मी दुसरीकडे बोलून आली."

मी तिथेच उभी राहून सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "आता तिथं कबूल केलं, बाई," म्हणाल्या, आणि त्यांची बस लागली.

घरी येऊन मी आईला सांगितलं. तिने चिमटा दाराशी आणून ठेवला. पहाटे उठून शेतात गेली.

त्याच सकाळी विमलताई राजदीपला घेऊन दारात.

"प्रशिक्षण लागलं वं, दोनच दिवसाचं. सत्यशीला कुठी आहे?"

"पऱ्हाट्या उपटाले गेली."

"अशा उन्हात? बाप्पा! मंग तू आहेस ना. निकाल लागेपर्यंत तुले तरी काय काम?"

मी दारातून हलले नाही. "ताई, तुम्ही आईले तसं काहून सांगितलं?"

"कसं?"

"सालदारीण."

"अवं, गंमत केली! ती कायले मनावर घेते?"

तेवढ्यात राजदीप माझ्या हाताखालून आत घुसला, "आजी, ओ आजी!" करत स्वयंपाकघरापर्यंत गेला. मी त्याच्याकडे वळून पाहिलं तोवर विमलताईंची स्कूटी सुरू झाली होती.

संध्याकाळी आई आली. डोळे लाल, चेहरा काळवंडलेला, तळहातांवर फोड आणि त्यातले काही फुटलेले. मी पाणी घेऊन उभी होते. तिने माझ्या मागे पाहिलं.

"माहा राजा आला का!"

तिने घाईने पाय धुतले, त्याला मांडीवर घेतलं. तो तिच्या हातावरच्या फोडाला बोट लावून पाहत होता आणि ती हसत होती.

"जेवला का रे तू? दीपे, यानं काही खाल्लं का?"

दुपारी मी त्याला वरण-भात भरवला होता, पाच वाजता पोहे दिले होते.

"त्याच्या आईला विचार," मी म्हटलं.

आईने त्याला खाली ठेवलं. मग उठली, परातीत पीठ घेतलं आणि त्याच हातांनी मळायला बसली. मी तिला थांबवलं नाही.