तिसरी किल्ली

किल्लीवाल्याचा विश्वास फक्त कुलपावर होता, तोही ते कुलूप त्यानं स्वतः खोलून पाहिलं असेल तरच. देवावर त्याचा विश्वास आहे की नाही, हे त्याच्या बायकोला तीस वर्षांच्या संसारातही नक्की कळलं नव्हतं. दर रविवारी तो तिच्याबरोबर चर्चला जायचा, पण बसायचा शेवटच्या बाकावर, दाराजवळ. सगळे डोळे मिटून प्रार्थना करत असताना हा एक डोळा उघडा ठेवायचा. कोणीतरी ठेवायला हवाच की, असं त्याचं म्हणणं.

दिवसही असे आले होते की त्याचं म्हणणं लोकांना पटायला लागलं होतं. आधी कारखाना बंद पडला. मग रस्त्यावरचे दिवे एकाआड एक लागू लागले. मग चोऱ्या सुरू झाल्या, आणि जो तो शेजाऱ्याच्या हातातल्या पिशवीकडे बघायला लागला. नाताळ महिन्यावर आला, तरी दुकानांच्या खिडक्यांत चांदण्या लागण्याऐवजी लोखंडी जाळ्या लागत होत्या. त्या जाळ्यांची कुलपं किल्लीवालाच बसवायचा. धंदा कधी नव्हे इतका जोरात होता आणि तो मात्र दिवसेंदिवस आंबट होत चालला होता.

या चोऱ्यांची त्याला एक जुनी जखम होती. दोन वर्षांपूर्वी अगदी पहिल्या ज्या तीन घरफोड्या झाल्या, त्या तिन्ही घरांची कुलपं त्यानंच बसवलेली होती, आणि तिन्ही कुलपं एक ओरखडाही न उमटता उघडली होती. म्हणजे कोणाकडे तरी बरोबर किल्ली होती. कुंपणानंच शेत खाल्लं, असं लोक दुकानासमोरून जाताना म्हणायचे, हळूच, पण त्याला ऐकू जाईल इतपत. दुकानात किल्ल्या घासणारे दोघंच, तो आणि त्याचा लेक. लेकाला सगळे कानशा म्हणायचे. चालायला लागल्यापासून त्याच्या हातात खेळण्याऐवजी बापाची कानस असायची, आणि विशीत तो बापापेक्षा बारीक काम करायला लागला होता. एवढं बारीक काम येतं म्हणूनच बापाच्या मनात पाल चुकचुकली. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्यानं लेकाला विचारलं, "किल्ल्या तू दिल्यास का कोणाला?"

कानशानं हातातली कानस बाकड्यावर ठेवली. "तुम्हाला तसं वाटतं?" एवढंच त्यानं विचारलं. बापानं मान खाली घालून पुढची किल्ली घासायला घेतली. लेक बाहेर पडला तो परत आला नाही, आणि किल्लीवाल्यानं त्याच संध्याकाळी घराचं कुलूप बदललं.

नाताळच्या आधीचे चार रविवार चर्चमध्ये वाट पाहण्याचे असतात. दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लागते. त्यातल्या पहिल्या रविवारी चर्चमधून परत येऊन किल्लीवाल्यानं दाराला किल्ली लावली आणि तो थांबला. किल्ली फिरत होती, पण किंचित खरखरत होती. दुसऱ्या कोणाच्या ते ध्यानातही आलं नसतं.

"अहो, दार उघडताय की त्याची जबानी घेताय?" बायको मागून म्हणाली.

त्यानं दार उघडलं. घरातलं सगळं जागच्या जागी होतं. तरी त्यानं खिडक्यांच्या कड्या, कपाट, पलंगाखालची ट्रंक असं सगळं तपासलं, आणि काहीच गेलं नाही याचाच त्याला जास्त संशय आला.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तीच खरखर. आता मात्र तो थेट समोरच्या माडीवरच्या शिवणवालीकडे गेला. तिचं मशीन खिडकीला लागून होतं. तिच्या नजरेतून गल्लीतली मांजरही सुटायची नाही.

"आमच्या दारापाशी कोण येतं?"

"येतो ना एक जण," शिवणवाली सुईत दोरा ओवत म्हणाली. "टोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली. तुम्ही चर्चला गेलात की येतो. दाराशी जरा खुडबुड करतो, मग पायरीवर बसतो, आणि तुमची यायची वेळ झाली की उठून जातो."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"मला वाटलं, तुमचाच कोणी असेल. चोर कधी पायरीवर बसतो का हो?"

चोर कुठंही बसतो, असं म्हणून किल्लीवाला निघाला. बाई साळसूदपणे सांगते आहे, म्हणजे हिचाही त्यात हात असेल, असं जिना उतरताना त्याला वाटून गेलं. वाटायला काय, त्याला अंगणातल्या नळाबद्दलही वाटायचं.

सोमवारी त्यानं दाराचं कुलूप काढून दुकानात नेलं आणि बाकड्यावर खोललं. डोळ्याला भिंग लावलं. चोराची तार पोलादाची असते, ती करडा ओरखडा सोडते. इथं किल्लीच्या भोकाच्या आत, पोलादावर, पिवळा माग होता. पितळ. कोणीतरी पितळेची किल्ली आत सारली होती, ती अर्ध्यावर अडली होती, आणि तरी तिला पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं होतं. किल्लीवाल्यानं भिंग खाली ठेवलं.

आजकाल पितळेच्या किल्ल्या कोणी करत नाही. त्यानं आयुष्यात तीनच केल्या होत्या, घराच्या जुन्या कुलपाच्या. एक त्याची, ती जुन्या कुलपासकट बाकड्याच्या खणात पडून होती. चांगलं कुलूप कोणी टाकतं का, असं म्हणून त्यानं ते ठेवलं होतं. दुसरी बायकोची. तिसरी लेकाची.

आता सरळ माणूस सरळ लेकापाशी पोचला असता. पण संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की ते माणसाला आधी जवळच्या घरी नेतं. किल्लीवाला दुपारी कुलूप परत बसवायला घरी आला, बायको पाणी भरायला बाहेर गेलेली पाहून त्यानं तिच्या वस्तू उचकायला सुरुवात केली. किल्ली सापडली ती तिच्या गीतांच्या पुस्तकाच्या कापडी कव्हरात. तो ती खिडकीशी नेऊन भिंगातून बघत होता, तेवढ्यात ती दारात उभी.

"विचारलं असतं तर काढून दिली असती," ती म्हणाली.

किल्लीचे दाते जुने, काळवंडलेले होते. महिनोन्महिने ती कशातच गेली नव्हती. किल्लीवाल्याला लाज वाटली, पण लाज वाटल्यावर माणूस गप्प बसतोच असं नाही. तो म्हणाला, "मग तोच आहे. घरात कोणी नसतं ती वेळ साधून येतो. भेटायचंच असतं तर आपण असताना आला असता. याला घर साफ करायचंय."

"त्याला काय करायचंय ते मला माहीत नाही," बायको बादली खाली ठेवत म्हणाली. "पण एक सांगते. तो गेल्यावर चोऱ्या थांबल्या असत्या, तर तुम्ही म्हणाला असता, बघ, तोच होता. थांबल्या नाहीत, तरी तुम्ही म्हणता तोच आहे. मग त्या पोरानं करायचं तरी काय?"

"किल्ली लावून बघायची काय गरज होती? दार वाजवायचं."

"दार वाजवलं की उत्तर तुम्ही देणार. किल्ली लावली की उत्तर कुलूप देतं." तिनं ओले हात पुसले. "आपली किल्ली घराला अजून लागते का, एवढंच बघत असेल तो. दर रविवारी येऊन बघत असेल."

 किल्लीवाला दुकानात परत गेला आणि त्यानं सगळ्यात जाड पोलादी कुलूप निवडून घरासाठी बाजूला काढून ठेवलं.

तिसऱ्या रविवारी चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, योसेफावर प्रवचन केलं. थंडी फार होती, बाकांवर माणसं एकमेकांपासून हात-हात अंतर ठेवून बसली होती, पिशव्या मांडीवर. पाळक सडपातळ, सर्दीनं बेजार झालेले. ते म्हणाले, "योसेफ हातानं काम करणारा माणूस होता. लग्न ठरलेली मरीया लग्नाआधीच गरोदर आहे असं कळलं, तेव्हा त्याला संशय आला, आणि तो यायला कारणही होतं. त्यानं गाजावाजा केला नाही, पण दार बंद करायचं मनात ठरवलं. मग त्याला काय मिळालं? पुरावा नाही मिळाला. साक्षीदार नाही मिळाला. एक स्वप्न मिळालं, आणि तो उठला आणि त्यानं मरीयेला घरी आणलं. तारा, मेंढपाळ, सगळं नंतर. नाताळची सुरुवात एका संशयी माणसानं पुराव्याशिवाय दार उघडलं तिथून होते."

किल्लीवाल्याला ते प्रवचन आवडलं नाही. बायकोनं पाळकांना जाऊन घरचं सांगितलं असणार, हा पहिला विचार. बाहेर पडताना त्यानं पाळकांना गाठलं.

"पाळकसाहेब, आमच्याकडचं तुमच्या कानावर आलंय वाटतं?"

"तुमच्याकडचं काय?" पाळक रुमाल नाकाशी धरून म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच कोरा होता.

"काही नाही. एक विचारतो. तो योसेफ चुकला असता तर? उघडलं दार, आणि आत भलतंच शिरलं तर?"

"तर तो चुकला असता," पाळक म्हणाले. "खात्री असती, तर त्याला आशा कशाला लागली असती?"

हे काय उत्तर झालं, असं किल्लीवाला घरापर्यंत पुटपुटत आला. दाराला किल्ली लावली. खरखर होतीच. चौथ्या रविवारीही होती, आणि त्या रविवारी पायरीवर, थंडीनं गोठलेल्या धुळीत, कोणी बसून उठल्याची जागा स्वच्छ दिसत होती. बायको त्या जागेला वळसा घालून आत गेली. किल्लीवाल्यानंही का कोण जाणे, पाय त्यावर टाकला नाही.

नाताळच्या सकाळी तो बायकोला म्हणाला, "तू हो पुढे. मी कुलूप बदलून येतो."

ते जाड पोलादी कुलूप तिनं दुकानात पाहिलं होतं. तिनं शाल घेतली, पुस्तक घेतलं. "आज तरी," एवढंच म्हणाली, आणि वाक्य पुरं न करता गेली.

किल्लीवाल्यानं दारावरच्या कुलपाचे स्क्रू काढले. कुलूप काढलं की दारात एक चौकोनी भोक राहतं आणि त्यातून रस्ता दिसतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं हेच भोक इतक्या घाईनं बुजवलं होतं की एक स्क्रू वाकडा बसला होता. रागाच्या कामात तसंच होतं. पिशवीत दोन कुलपं होती. एक जाड, पोलादी. दुसरं खणातलं, पितळेच्या किल्लीचं, जे त्यानं येताना पिशवीत टाकलं होतं आणि का टाकलं ते स्वतःलाच विचारलं नव्हतं. संशयाला कारण होतं. अजूनही होतं. लेकानं नाही म्हटलं नव्हतं, हो म्हटलं नव्हतं, आणि त्या तीन कुलपांचं कोडं काही सुटलं नव्हतं. जाड कुलूप हातात घेतलं तेव्हा ते थंडगार लागलं. त्यानं ते परत पिशवीत ठेवलं.

जुनं कुलूप जागेवर असं बसलं की जणू निघालंच नव्हतं. त्यानं त्यात तेलाचे दोन थेंब सोडले. मग बाहेर येऊन दार ओढलं आणि पितळेच्या किल्लीनं दोन फेरे दिले. ते दोन फेऱ्यांचं कुलूप होतं, दर फेऱ्याला आतला खटका अर्धा पुढे सरकायचा. यावरून कानशाशी त्याचं रोज वाजायचं. कानशा कायम एकच फेरा द्यायचा, आणि बाप ओरडायचा, अरे, दोन दे, अर्ध्या खटक्यावर घर सोडतोस. "एका फेऱ्यात जो अडत नाही तो दोन फेऱ्यांतही अडत नाही, बाबा," असं ते कार्टं हसत म्हणायचं.

चर्चमध्ये त्याला एक अक्षर ऐकू आलं नाही. चारही मेणबत्त्या लागल्या होत्या, मधली पाचवी मोठीही लागली होती. सगळे उभे राहून गात होते आणि त्याच्या डोळ्यांपुढे कपाट उघडत होतं, ट्रंक उघडत होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि आपण उकळतं दूध तसंच तोंडाला लावलं, असं त्याला वाटलं.  धावत घरी जावं असं चारदा मनात आलं. प्रार्थनेच्या वेळी मात्र त्यानं दोन्ही डोळे मिटले. त्याच्याच ते नंतर लक्षात आलं.

दोघं परत निघाली. दाराशी आल्यावर त्यानं खिशातून किल्ली काढली. ती पिवळी होती. बायकोनं किल्लीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि तिचा हात पुस्तकाच्या कव्हरावर गेला.

त्यानं किल्ली लावली आणि फिरवली. एक फेरा झाला आणि खटका पुरता मागे आला. दुसऱ्या फेऱ्याला किल्लीला फिरायला जागाच नव्हती.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"मी दोन दिले होते," तो म्हणाला.

दार उघडंच होतं, नुसतं ढकलायचं बाकी. किल्लीवाल्यानं हात मागे घेतला. डोक्यावरची टोपी काढली, पायपुसण्याला पाय पुसले. मग बोटं दुमडून त्यानं आपल्याच घराच्या दारावर हलकेच टकटक केली आणि वाट पाहत उभा राहिला.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.