मुलुंडचा अहवाल आणि मी

मी गालिचे धुणारं एक यंत्र आहे. बोलावं की नाही, हे ठरवायला मला दोन वर्षं लागली. अजूनही खात्री नाही. तुम्ही ऐकताय असं धरून चालतो.

एका टेम्पोच्या पाठीवर मला चार बोल्टांनी बसवलं होतं. माझ्या पोटात इंजिन, एक चांगल्या पाण्याची टाकी आणि एक मळक्या पाण्याची. इंजिन सुरू झालं की पाणी तापतं, नळीतून जोराने गालिच्यावर पडतं आणि दुसऱ्या नळीतून मळ घेऊन माझ्याकडे परत येतं. काम एवढंच. पण माझ्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक दोनशे पानांचं होतं. स्वतःबद्दल इतकं लिहिलेलं असलं की उगाच शंका येतात. त्यातलं सगळं मला खरोखर जमतं का?

१९८५ साली मधुकरराव नाबरांनी मला परदेशातून अंधेरीला आणलं. विमानतळाजवळची हॉटेलं रांग लावतील, असा त्यांचा होरा होता. हॉटेलवाले आले. माझ्याभोवती फिरले, टेम्पोच्या टायरला लाथ मारून पाहिली, चहा प्यायले आणि गेले.

दीड वर्षात मी बारा ठिकाणी प्रात्यक्षिकाला गेलो. बोरिवली, घाटकोपर, चेंबूर. सगळीकडे ठेवणीतला, स्वच्छच गालिचा पुढे यायचा, आणि विकत मला कुणीच घेतलं नाही. मी नेहमी बाहेर, रस्त्यावर. आत जायची ती फक्त नळी. तिच्यातून माणसांची बोलणी, कपबशांचे आवाज, कुणाचा तरी खोकला माझ्यापर्यंत यायचा. घरं मी अशीच ओळखतो. आतून एकही पाहिलं नाही.

सोबतीला गुणाजी होता. मालवणकडचा. अठरा वर्षं गिरणीत सूतखात्यात काढलेली. संपानंतर त्याची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. तो टेम्पो चालवायचा आणि मलाही. रोज सकाळी माझ्या दोन्ही टाक्या धुऊन कोरड्या पुसायचा. लोकांशी तो जेवढ्यास तेवढं बोले, माझ्याशी मात्र पुष्कळ. मला ऐकू येत नाही अशी त्याची समजूत होती.

जानेवारी ८७ मध्ये मधुकरराव त्याला म्हणाले, "गुणाजी, मुलुंड शेवटचं. त्यांनी घेतलं, तर तूही यंत्राबरोबर तिकडेच, कायमचा. नाहीतर मी हे धूड उतरवून टेम्पो विकून टाकतो. मग तुझं तू बघ."

मुलुंडला एका संस्थेचं सभागृह होतं. पहिल्या मजल्यावर, भारतीय बैठकीचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरलेलं. यंत्र घ्यावं की नाही हे तपासायला संस्थेने विद्याधर रेगे यांना सांगितलं होतं. ते रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आठवडाभर आधी ते अंधेरीला आले आणि माझ्यासमोर दोन तास उभे राहिले.

"नळी किती फूट? सत्तर फुटांवर पाणी किती गरम राहतं? पट्टा तुटला तर मुंबईत मिळतो का? साबण घालता?"

"नाही सर. नुसतं गरम पाणी," गुणाजी म्हणाला.

"चांगलं. साबण आत राहिला की गालिचा दुप्पट मळतो. परीक्षेच्या दिवशी गालिच्याला झाडू लागून पंधरा दिवस झालेले असतील. परीक्षा म्हणजे परीक्षा."

मला ते फार आवडले. प्रत्येक गोष्टीवर शंका घेणारा माणूस भेटला की मला एकटं वाटत नाही.

परीक्षेच्या दिवशी गुणाजीने नळी खिडकीतून वर नेली आणि तिचं तोंड गालिच्यावर ठेवलं. इंजिन अजून बंद होतं, त्यामुळे वरचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. गुणाजी खाली वाकला असावा. मग तो हळूच म्हणाला, "बाई, हा खालून ओला कसा?"

सभागृहाची झाडलोट करणाऱ्या शांताबाई तिथे होत्या. मागच्या अंगाला संस्थेनेच दिलेल्या खोलीत त्या राहत.

"परवा धुतला," त्या म्हणाल्या. "मी आणि माझ्या सुनेनं. दोन दिवस घासत होतो. रिठे काय, साबणाचा चुरा काय, गुडघे फुटले आमचे."

"अहो, पण का?"

"का म्हणजे? चार परके लोक बघायला येणार. त्यांना तसला मळका गालिचा दाखवू? लोक काय म्हणतील, इथली बाई काय झोपा काढते? पंधरा दिवस त्यावरून माणसं चालतायत आणि मी नुसती बघतेय. माझ्यानं नाही बघवलं."

"बाई, हे मशीन मळ काढायलाच आणलंय!"

"आता कळलं हो! पण सरांना सांगू नका. त्यांनी बजावलं होतं, हात लावलात तर खोली रिकामी करा. रागानं म्हणाले नव्हते, पण म्हणाले होते. जाऊ कुठे मी?"

तेवढ्यात रेगेसरांची चप्पल जिन्यात वाजली.

"सर," गुणाजीने विचारलं, "दुसरा एखादा मळका गालिचा आहे का?"

"दुसरा?" सर हसले. "पंधरा दिवस न झाडलेला हा एवढा मोठा समोर आहे. याहून मळका तुम्हाला कुठून आणून देऊ?"

मग इंजिन सुरू झालं आणि मला फक्त माझाच आवाज ऐकू येऊ लागला. मी जीव तोडून काम केलं. पाणी पुरेसं तापलं होतं, ओढही चांगली होती. पण नळीतून परत येत होतं ते फिकट पाणी आणि फेस. फेस तर इतका, की मळक्या पाण्याची टाकी झाकणापर्यंत भरली.

इंजिन थांबल्यावर सर खाली आले. त्यांनी काचेची बाटली भरून घेतली आणि उजेडात धरली.

"मळ कुठे आहे?" ते स्वतःशीच म्हणाले. "माझं काही चुकतंय का? आणि हा फेस? तुम्ही तर साबण घालत नाही म्हणालात."

शांताबाई जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं. गुणाजीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आधीच्या ठिकाणी घातला होता, सर. टाकीत राहिला असेल. मी धुतली नव्हती."

"विकायला आणलेलं यंत्र तुम्ही न धुता आणलंत?"

"चुकलं, सर."

सरांनी अहवालात लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलंही: यंत्र साबण आत धरून ठेवते व गालिच्यात सोडते. मळ काढल्याचे दिसत नाही. चालक निष्काळजी. घेऊ नये.

परतीच्या वाटेवर मी फार दुखावलो होतो. माझ्या टाक्या रोज पुसणाऱ्यानेच माझ्यावर खोटा डाग लावला होता. आणि खरं सांगू, तेव्हा मला शांताबाईंची खोली आठवतही नव्हती. स्वतःचाच विचार करत होतो. ही गोष्ट मला अजून टोचते.

आठ दिवसांत मधुकररावांनी मला उतरवायला सांगितलं. बोल्ट गुणाजीनेच सोडवले. त्याचं ते शेवटचं काम. नळीचं वेटोळं करून त्याने ती माझ्या अंगावर ठेवली आणि हात पुसता पुसता म्हणाला, "तुझो काय दोष नाय रे." मग गेला. कुठे, ते मला माहीत नाही. गावी गेला असावा.

आता १९८९ चालू आहे. अंधेरीच्या गोदामात मागच्या भिंतीशी मी आहे. माझ्यावर पोती ठेवतात. मी चांगलं यंत्र होतो की नाही, हे मला कधी कळलं नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही. एक मळका गालिचा मिळाला असता तर कळलं असतं.

तो अहवाल मात्र मुलुंडच्या संस्थेत एखाद्या फायलीत असणारच. कधी तुमच्या हाती पडला, आणि माझी ही हकिकत तुम्हाला पटली असली, तर तो दुरुस्त करायला जाऊ नका. माझ्याविषयीचं वाक्य तसंच राहू द्या. गुणाजीविषयीचंही. शांताबाई अजून त्याच खोलीत राहत असतील.