पहिला फोन वाजत नाही

नोकरीत असताना मी पाण्याच्या मीटरच्या तक्रारी घ्यायचे. निवृत्त झाल्यापासून एका ॲपच्या तक्रारी घेते. फरक एवढाच की तेव्हा पगार आणि शिव्या दोन्ही मिळायचे, आता नुसत्या शिव्या मिळतात.

हे ॲप ओपन सोर्स आहे. म्हणजे कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही. ठिकठिकाणची माणसं आपापली कामं सांभाळून ते बनवतात, आणि त्यावरून कुणीही कुणाला फुकट फोन करू शकतं. मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. पण तक्रार मात्र मला वाचता येते. दुपारचं जेवण आवरलं की मी टेबलाशी बसते आणि आलेल्या तक्रारींची छाननी करते. ही नवी, ही जुनीच पुन्हा आलेली, हा खरा बग, हा नुसता धांदरटपणा. खरी वाटली तर ती आपल्याकडे घडवून बघायची. त्यासाठी मी दोन जुने फोन ठेवले आहेत. एकावरून दुसऱ्याला लावायचा, दोन्ही कानांना एकेक धरायचा, आणि एकात विचारायचं, "हॅलो, ऐकू येतंय का?" मग दुसऱ्यात मीच उत्तर देते, "येतंय, बोला." कित्येक दिवस माझ्या घरात तेवढंच बोलणं होतं. खरं सांगायचं तर कधी कधी चाचणी संपली तरी मी जरा वेळ बोलत राहते.

तक्रारीसारखं काही घडलं नाही तर आमचं एक ठरलेलं वाक्य आहे: "माझ्याकडे होत नाही." पुढे दोन आठवड्यांत तक्रारदाराने नवीन काही कळवलं नाही की तक्रार बंद.

"म्हातारा सुतार" अशा टोपणनावाने लिहिणाऱ्या एका गृहस्थांची तक्रार अशी बऱ्याचदा बंद झाली होती. पण माणूस चिवट. ती पुन्हा माझ्या पुढ्यात आली. लिहिलं होतं, "मुलगी म्हणते, फोन केला होता. माझा फोन वाजला नाही. येऊन गेल्याची खूणही दिसत नाही. ती म्हणते, बाबा, तुम्ही मुद्दाम उचलत नाही."

मी वाचलं आणि मनात म्हटलं, बाबा रे, तिने केलाच नसेल. घरची माणसं फोन करत नाहीत आणि बिल फाडायचं आमच्या ॲपच्या नावावर. हे मी इतक्या खात्रीने म्हणू शकत होते, कारण माझ्या धाकट्या बहिणीचा फोनही असाच वाजला नव्हता.

धाकटी लांब राहते, मध्ये एक समुद्र आहे. मीच हट्ट करून तिच्या फोनवर हे ॲप घालायला लावलं होतं. "त्या कंपन्या आपलं बोलणं चोरून ऐकतात," असं मी म्हटलं, तर म्हणाली, "आपल्या बोलण्यात चोरण्यासारखं काय आहे गं ताई? तुझे गुडघे आणि माझा रक्तदाब." तरी माझ्यासाठी तिने ते घातलं. तसं ते मी भाचीच्या, ऑफिसातल्या मैत्रिणींच्याही गळ्यात मारलं होतं. त्या सगळ्यांनी ते हळूच काढून टाकलं. धाकटीने ठेवलं.

मग गेल्या हिवाळ्यात माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं. धाकटी येणार होती. ऐनवेळी तिच्या नवऱ्याची पाठ धरली आणि तिने तिकीट रद्द केलं. ठीक आहे, पाठ काय कुणाच्या हातात नसते. पण ऑपरेशनच्या दिवशी तिचा साधा फोनही आला नाही. डोळ्यावर पट्टी बांधून मी आडवी पडले होते, फोन छातीवर ठेवून, म्हणजे वाजला तर चाचपडावं लागू नये. तो वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मीही ठरवलं, ऑपरेशन माझं झालंय, विचारपूस तिने करायची. मी आपणहून फोन करणार नाही. उन्हाळा आला तरी आम्ही दोघी तोंड फुगवूनच होतो.

तर सुतारांना मी जरा खोचकच लिहिलं: "मुलीने फोन लावला होता, याची खात्री आहे का?"

त्यांचं उत्तर आलं. "आहे. काल माझा चुलतभाऊ शेजारी बसला होता. मुलीने फोन लावला, तिला तिकडे रिंग ऐकू येत होती. इकडे माझा फोन माझ्या हातात गप्प. भावाने त्याच्या फोनवरून तिला सांगितलं, परत लाव. परत लावला तर लगेच वाजला. पहिला वाजत नाही, दुसरा वाजतो. पण एरवी ती दुसऱ्यांदा लावत नाही."

मी ताठ बसले. मीटरच्या तक्रारींत हे मी पाहिलं होतं. घर बरेच दिवस बंद असलं की मीटरचं चक्र अडकायचं. नळ सोडला की पहिलं पाणी न मोजताच जायचं, मग चक्र सुटायचं आणि सगळं सुरळीत. मी सुतारांना विचारलं, "त्याआधी या ॲपवर तुम्हाला शेवटचा फोन कधी आला होता?"

त्यांनी लिहिलं, "मुलीशिवाय मला इथे कुणी करत नाही. तिला महिन्यातून एकदा सवड होते."

मी ॲपच्या मुख्य पोराला कळवलं. तो कोड सांभाळतो, त्याला सगळे कप्तान म्हणतात. मी लिहिलं, बरेच दिवस कुणाचा फोन आला नाही की ॲप झोपतं. मग येणारा पहिला फोन ते गिळतं आणि त्यानंतर जागं होतं. आपण चाचणीचे फोन रोज वाजवतो, म्हणून आपल्याकडे हे कधीच घडत नाही.

"भारी आहे काकू," कप्तान म्हणाला. "पण सिद्ध कसं करणार? ज्यावर खूप दिवस एकही फोन आलेला नाही, असा फोन लागेल."

ॲप बनवणाऱ्यांच्या गटात हशा पिकला. एकाची आई दिवसातून दोनदा फोन करते. दुसऱ्याचं नुकतंच लग्न ठरलंय, त्याचा फोन थंडच होत नाही. असा फोन आणायचा कुठून, म्हणून सगळे चेष्टा करत होते.

मी लिहिलं, "माझा रोजचा फोन आहे. या ॲपवर हिवाळ्यापासून मला कुणाचा फोन आलेला नाही."

त्यावर कुणी विनोद केला नाही. ते मला जास्त लागलं.

थोड्या वेळाने कप्तानने लिहिलं, "मी लावला असता काकू, पण नवीन नंबर जोडला की ॲप जागं होतं; नुसता आपण बाहेर फोन लावला तर होत नाही. तुमच्या फोनवर आधीपासून असलेल्या कुणालातरी लावायला सांगा. फक्त एकदाच."

मी ॲपमधले नंबर उघडले. भाची, मैत्रिणी, सगळ्यांच्या नावापुढे "हे खातं आता नाही" असं लिहिलेलं. उरली होती एकटी धाकटी.

दोन दिवस मी टाळाटाळ केली. सुतारांच्या तक्रारीची मुदत संपत आली होती, आणि माझ्या हेक्यापायी त्या माणसाची तक्रार पुन्हा बंद व्हावी हे काही मला बरं वाटेना. शेवटी धाकटीला साधा मेसेज केला: "उद्या पाचला मला ॲपवरून फोन कर. कामाचं आहे. बाकी काही नाही." तिचं उत्तर आलं, "बरं." एवढ्या महिन्यांनी एक शब्द. मला तिचा आणि माझा, दोघींचा राग आला.

दुसऱ्या दिवशी पाचच्या आधीच मी फोन टेबलावर मधोमध ठेवला. वेणीफणी केली होती, कशासाठी कोण जाणे. पाच वाजले. फोन गप्प. आणखी थोडा वेळ गेला. खिडकीखालून कुणीतरी सायकल नेली, शेजारच्यांचं कपड्यांचं मशीन थांबलं. फोन गप्पच. आणि मला कळलं की मी केवढी मूर्ख आहे. फोन न वाजणं म्हणजे बग सापडला, किंवा तिने केलाच नाही, आणि टेबलाशी बसून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

मग मेसेज आला.

"ताई, तूच करायला सांगतेस आणि तूच उचलत नाहीस. ऑपरेशनच्या दिवशीही तू हेच केलंस. तेव्हा मी म्हटलं, आपण गेलो नाही, तर चिडणारच ती. पण आता हा कसला खेळ?"

बग सापडला होता. पण मला आनंद वगैरे काही झाला नाही. म्हणजे तिने त्या दिवशी फोन केला होता. मी पट्टी बांधून पडले होते, फोन छातीवर होता, तिकडे तिला रिंग ऐकू येत होती, आणि दोघी आपापल्या जागी म्हणत होतो, बघ, आपण हिला नको आहोत. मी टेबलाशी बसून रडले. डोळ्याला जपा म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, पण त्याला आता बरेच महिने झाले होते.

डोळे पुसले आणि तिला फोन लावला. रिंग जात होती. जात राहिली. तिने उचलला नाही. आत्ता तर मेसेज केला होता, म्हणजे फोन तिच्या हातातच असणार. म्हटलं, चुकलंच आपलं. आता ती काही उचलायची नाही, आणि का उचलावा तिने? फोन ठेवला आणि कप्तानला कळवायला म्हणून कॉम्प्युटर पुढे ओढला. "माझ्याकडे होतं," एवढं लिहिलं.

आणि हात तिथेच थांबला. धाकटीने हे ॲप फक्त माझ्यासाठी ठेवलं होतं. त्यावरून तिला फोन करणारी मी एकटी. आणि मी हिवाळ्यापासून केलाच नव्हता.

मी पुन्हा लावला.

पहिल्याच रिंगला तिने उचलला. "बोल," म्हणाली. आवाज घोगरा होता.

"अगं, आत्ताच एकदा लावला होता मी," मी म्हटलं.

"खोटं बोलू नकोस ताई," धाकटी म्हणाली. "मेसेज केल्यापासून फोन हातात धरून बसलेय. काही वाजलं नाही."