मोमो की मिमी

चिझुरूच्या बाबांची नजर गेली, त्यानंतर ते ब्रेल शिकायला बसले आणि मध्येच पुस्तक मिटून मोकळे झाले. "आयुष्यभर करवत धरलेली बोटं ही. टिंबं कसली कळतायत त्यांना!" चिझुरूला मुलगी झाली, मोमो; रिवाजाप्रमाणे तिच्या नावाचा कागद भिंतीवर लागला, सगळे कौतुकानं बघत होते, बाबा एकटे दाराकडे तोंड करून बसले. ते चिझुरूच्या मनात रुतून राहिलं. बाळाच्या उष्टावणाला बाबांनी नातीचं नाव आपल्या बोटांनी वाचायचं, असं तिनं ठरवलं.

जपानमधल्या सुवा शहरातल्या प्रिंटरच्या कारखान्यात ती आज्ञा लिहायची. पाठवाल ते बिचारा प्रिंटर छापत सुटतो. पण आधी एस्केपचा संकेत धाडला, की कान टवकारतो. पुढचं छापायचं नाही, ऐकायचं. मग सांगायचं, डाव्या कडेपासून इतक्या अंतरावर जा. जातो.

जेवणाच्या सुट्टीत तिनं शाईची रिबन काढली, जाड कागद घातला, मागे रबराची पट्टी लावली. एका टिंबाची जागा सांगितली. छपाईच्या डोक्यातली बारीक सुई कागदावर आपटली. पुन्हा तीच जागा. पुन्हा. मध्ये छपाईचं डोकं पार कडेला जाऊन यायचं आणि नेमकं त्याच ठिपक्यावर उतरायचं, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. कागदामागे तांदळाच्या कणीसारखं टिंब वर आलं.

शेजारच्या टेबलावरचे उशियामा-सान डबा खायचे थांबले. "शाई नाही, काही नाही... अन् हे काय उगवतंय गं?"

"नाव," ती म्हणाली. तिच्याच अंगावर काटा आला होता.

उष्टावणाचा लाल भात झाला, बाळाच्या ओठांना मासा लावून झाला. मग तिनं कागद बाबांच्या हाती दिला. त्यांनी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. चेहरा उतरला.

"मिमी," ते पुटपुटले.

जपानीत मोमो म्हणजे पीच, मिमी म्हणजे कान. आई खुदकन हसली. "अहो, मोमो! पीचसारखी गोड पोर आपली, तिला कान काय म्हणताय?"

"सांगत होतो ना?" बाबांनी कागद दूर सारला. "मेलीत ही बोटं. आता पुन्हा मला विचारू नका."

चिझुरूनं कागद उचलला, उलटा केला, सुलटा केला. आणि ओरडलीच. बाळ दचकलं.

"बाबा, तुम्ही बरोबर वाचलंत! चुकले मी! सुई मारते पुढून, टिंब उठतं मागून. आरशात धरल्यासारखं उलटं होतं सगळं. मोमोची टिंबं आरशात मिमी होतात. इथे मिमीच आहे!"

"खरंच मिमी आहे इथे?"

"टिंब न् टिंब."

 सारलेलं ताट परत ओढावं तसा बाबांनी कागद ओढला आणि ते चुकीचं नाव सावकाश, चवीनं वाचलं.

"उद्या सुलटं करून आणते."

"आण. पण हाही राहू दे."

मग त्यांचा हात बाळाला शोधत गेला. गालावरून सरकत एका मऊ, इवल्याशा वळणावर थांबला.

"मिमी," त्यांनी वाचलं.