मला खाली घ्या

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकात ताठ उभा राहणारा नव्हे, जमिनीवर आडवा पडणारा. मला डोकं आहे, छाती आहे, हातपाय नाहीत. बंद पडलेलं हृदय वरून छाती दाबून कसं चालवायचं, हे शिकवायला मला घडवलं. माझ्या छातीत एक जाड स्प्रिंग आहे. दाब पुरेसा खोल गेला की आतून ‘टक्’ असा आवाज येतो. नाही आला, तर दाब वाया गेला.

माझी उमेदीची वर्षं एका मोठ्या लाँड्रीत गेली. तिथले कामगार मला जावईबापू म्हणत. कारण मी नुसता पडून आणि चार माणसं गुडघे टेकून सेवेला. शिकवायला एक सिस्टर यायच्या. बहुतेकांचे हात भित्रे. कुणी कुरवाळल्यासारखं करी, कुणी दाबून तसाच रेलून राही. सिस्टर बजावत, छाती पुरती वर येऊ द्या. ती वर आली की हृदयात रक्त भरतं.

इस्त्री करणाऱ्या एका बाईंना मात्र काही सांगावं लागत नसे. टक्, टक्, टक्, एका लयीत. सोबतिणी हसत, बाई, हळू. जावईबापूंच्या सगळ्या चुण्या मोडतील. सिस्टर म्हणत, हात असावा तर असा. मीही मनात फुशारून जाई.

मग एका सकाळी बाईंचे यजमान पलंगावरच गेले. मदतीची गाडी येईपर्यंत बाई दाबत होत्या, असं कानावर आलं.

पुन्हा कामावर आल्या तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्या सरळ सिस्टरांकडे आल्या. वर्गाच्या खोलीत आजारी माणसासाठी पलंग होता, वर जाड गादी. त्यांनी मला उचलून गादीवर ठेवलं आणि दाबू लागल्या. सारं बळ लावलं. मी खाली गेलो, माझ्यासंगे गादी खाली गेली. छाती होती तशीच. आवाज आला नाही. मित्रांनो, मला तो काढायचा होता हो. पण पुतळ्याच्या मनात असून काय होतं?

बाईंनी मला फरशीवर घेतलं. पहिल्याच दाबाला, टक्.

त्यांचा तळवा माझ्या छातीवरच राहिला. म्हणाल्या, “सिस्टर, ह्यांना खाली घेतलं असतं तर?”

“सांगता येत नाही, बाई. खाली घेऊनही कितीतरी जातात.” मग सिस्टर म्हणाल्या, “पण मी हे कधी बोललेच नाही. इथे पुतळा कायम खालीच असतो ना.”

त्यानंतर प्रत्येक वर्ग पलंगापासून सुरू झाला. बाई बाजूला उभ्या राहून एवढंच सांगत, “आधी खाली घ्या.” जावईबापूंचा विनोद पुन्हा कुणी केला नाही.

आता दाब बरोबर बसला की दिवे लागणारा नवा पुतळा आला आहे. मला अडगळीच्या खोलीत टाकलं. टाकताना कुणाला तरी दया आली असावी. त्याने मला फरशीवर न ठेवता त्याच जुन्या गादीवर निजवलं.

दार लागलं की अंधारात माझ्या छातीवर दोन हात येतात. ओळखीचे, बळकट. ते दाबत राहतात आणि मी खचत राहतो. आवाज येत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण मला खाली घ्या.