सात पानं आश्रयदात्यांची

नौपाड्यातल्या श्रीपाद अण्णांनी जन्मात एकही गोष्ट लिहिली नव्हती, त्यामुळे गोष्ट कशी लिहावी याबद्दल त्यांच्या मनात कसलीच शंका नव्हती. कलेक्टर कचेरीतली शिरस्तेदारी सोडून पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी साहित्याची शिरस्तेदारी हाती घेतली. ठाण्यात कुणाला पुस्तक छापायचं असलं, की आधी अण्णांच्या ओटीखाली जोडे काढावे लागत. छापखानेवाला कागद आणायचा तो आश्रयदात्यांच्या भरवशावर. आश्रयदाते म्हणजे पुस्तक निघण्याआधीच प्रत घ्यायचं कबूल करणारे गृहस्थ, आणि हे गृहस्थ अण्णांच्या शब्दाबाहेर नव्हते. बदल्यात त्यांची नावं पुस्तकाच्या आरंभी छापली जात. पुस्तक कशाचं आहे, हे विचारण्याचा हलकेपणा कुणी करत नसे.

विश्राम तांडेलानं ओटीखाली जोडे काढले नाहीत, कारण त्याच्याकडे जोडे नव्हते. वय साठीच्या पुढे. कल्याण बंदर ते ठाणे अशी चाळीस वर्षं त्यानं मचवा चालवला. मग आगगाडीनं बंदराचा माल पळवला आणि मचवा काठाला लागला. अक्षरं तो पंचेचाळिसाव्या वर्षी शिकला, तीही गोणींवरची नावं बोटानं गिरवत. आता त्यानं एक बाड लिहून आणलं होतं. नवरा बुडाल्यावर त्याचा मचवा स्वतः चालवणाऱ्या रतन नावाच्या विधवेची ती गोष्ट होती. रतन मनातली होती, खाडी खरी होती. डोळे मिटायच्या आत ही गोष्ट छापलेली बघायची, आणि आपण सांगितली तशीच बघायची, एवढंच त्याला हवं होतं.

"आश्रयदात्यांच्या यादीचं मी बघतो," अण्णा म्हणाले. "भाषा तेवढी जरा शुद्ध करून घेऊ."

विश्रामला वाटलं, ऱ्हस्वदीर्घ असेल. त्यानं मान डोलावली.

दीड महिन्यानं तो शिळाछापखान्यात गेला. तिथला नकला उतरवणारा लेखक सहदेव पिवळ्या कागदावर चिकट शाईनं लिहीत बसला होता. तो कागद दगडावर दाबायचा, म्हणजे अक्षरं दगडावर उतरतात, आणि दगडावरून हव्या तेवढ्या प्रती निघतात. यादी आधीच तयार होती. सात पानं! प्रत्येक नावामागे राजमान्य राजेश्री, नावापुढे हुद्दा. दोन वकिलांत वर कोण आणि खाली कोण यावरून जुंपली होती, म्हणून चौथ्या पानावर दोन रकाने पाडले होते. एका धान्यवाल्यानं आपल्या वारलेल्या बापालाही आश्रयदाता केलं होतं.

आठव्या पानावर गोष्ट सुरू होत होती. विश्राम बोट ठेवून वाचू लागला. सुवर्णपूर नगरीत राजकन्या रत्नकलिका हंसाकृती नौकेत बसून सख्यांसह जलविहार करीत होती.

"ही कोण?" त्यानं विचारलं.

"तुमची रतन," सहदेव मान वर न करता म्हणाला.

"आणि मचवा?"

"त्याचा हंस झालाय."

"चिखल होता ना रे पहिल्या पानावर? गुडघाभर?"

"कमळं. मी नुसता हात, तांडेल. डोकं अण्णांचं."

विश्राम तडक नौपाड्यात गेला. अण्णा पान लावत होते.

"रागावू नकोस," अण्णा म्हणाले. "अरे, चिखल लोकांच्या दारात फुकट आहे. तो कागदावर कोण विकत घेईल? कादंबरी म्हटली की राजकन्या हवी, उपवन हवं, शेवटी बोध हवा. तुझी ती रतन शेवटी काय करते?"

"माल उतरवते. भाडं घेते. घरी जाते."

"हा काय शेवट झाला? विधवेनं एवढं धाडस केल्यावर पश्चात्ताप नको? पाण्यात उडी नको? वाचणाऱ्या बायकांवर काय परिणाम होईल?"

"ठाण्यात वाचणाऱ्या बायका किती, अण्णा?"

अण्णांनी मनाशी मोजल्या. "पाच. त्यातली एक माझी सून, ती सध्या माहेरी आहे."

"म्हणजे चौघींसाठी रतनला बुडवायचं?"

"जीभ सांभाळ! तुला अक्षरओळख होऊन झाली किती वर्षं? आमच्या घराण्यात सात पिढ्या लिहिताहेत."

"काय लिहिलं सात पिढ्यांनी?"

"सरकारी दप्तर!" अण्णा ताठ होऊन म्हणाले. मग त्यांनी पान तोंडात घातलं. "हे बघ विश्राम, यादी माझी आहे. ती हवी असेल तर राजकन्या घ्यावी लागेल. नको असेल तर तुझी रतन उचल आणि चालू लाग."

विश्रामनं बाड काखेत मारलं आणि तो चालू लागला.

मचव्याचा नांगर आणि शीड विकून त्यानं शंभर प्रतींचा कागद आणला. लेखकाच्या मजुरीला काही उरलं नाही.

"मग लिहिणार कोण?" सहदेवनं विचारलं.

"मी."

सहदेव पोट धरून हसला. "तांडेल, दगड वाकडं अक्षर सरळ करत नाही. खोडलंत तर खोडलेलं छापलं जाईल."

"जाऊ दे."

दोरखंड ओढून बोटं राठ झालेली. रोज सकाळी छापखान्याच्या पडवीत बसून तो दोन पानं उतरवी. ओळी भरतीच्या पाण्यासारख्या उजवीकडे चढत. जिथे चुकला तिथे आडवी रेघ, आणि ती रेघही छापली गेली. महिनाअखेर पुस्तक निघालं. काळा पुठ्ठा, आत शाईचे डाग, आश्रयदाता एकही नाही.

इकडे अण्णा अडचणीत होते, कारण गृहस्थांना शब्द दिला होता. पण अण्णांना गृहस्थ पक्के ठाऊक होते. त्यांनी ती सात पानंच छापून घेतली, लाल पुठ्ठ्यात बांधली, वर सोनेरी वेलबुट्टी काढली आणि घरोघरी पोचवली. प्रत्येकानं आपलं नाव काढून पाहिलं, बायकोला दाखवलं आणि पुस्तक काचेच्या कपाटात ठेवलं. कादंबरी कुठे आहे, असं एकानंही विचारलं नाही. एक वकील तेवढे उजव्या रकान्यात टाकलं म्हणून रुसून बसले.

विश्रामचं पुस्तक दुकानदार घेईनात. पहिल्या पानावर मोठं नाव नसलेलं पुस्तक म्हणजे त्यांच्या लेखी रद्दी. मग तो स्वतःच टोपली घेऊन धक्क्याधक्क्यावर फिरला. कल्याणला खपलं, डोंबिवलीच्या बाजूला खपलं. कोलशेतच्या मिठागरावर शेवंती नावाच्या बाईनं एक प्रत घेतली. तिला अक्षर येत नव्हतं, पण तिचा दीर धोंडीबा नाक्यावर शिपाई होता, तो वाचून दाखवणार होता.

आठ दिवसांनी विश्राम पुन्हा तिथे गेला, तर ती कमरेवर हात ठेवून उभी.

"बाबा, तुझ्या पुस्तकात एक खोटं हाय."

"अगं, गोष्ट हाय ती. सगळीच खोटी."

"तसं नाय. वादळात रतन पोराला पाठीला बांधून सुकाणू धरते, असं लिवलंस. कोण बांधेल? शीड फिरलं की दोरी पहिली पोराच्या डोक्यात. आन् पाठीवर पोराचं काय झालं ते आईला दिसायचं नाय. पोटाशी बांधतात. तू कधी पोर बांधलंस का अंगाला?"

विश्रामच्या डोक्यात सणक गेली. अक्षरशत्रू बाई, आणि मला शिकवते! हे शब्द जिभेवर आले आणि त्याला ते अण्णांच्या आवाजात ऐकू आले. त्याची त्यालाच किळस आली. त्यानं टोपली खाली ठेवली.

"बाकी?"

"बाकी धोंडीबाला दोनदा वाचायला लावलं. पण घरी जाऊन ती जेवली का नाय, ते लिवलं नायस."

तो परत ठाण्याला आला. दगड केव्हाच घासून त्यावर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका चढवली होती. मग त्यानं उरलेल्या एकसष्ट प्रती पडवीत मांडल्या. प्रत्येकीत 'पाठीला' हा शब्द खोडून वर हातानं 'पोटाशी' लिहू लागला. गोष्टीच्या तळाशी जागा होती, तिथे एक ओळ वाढवली : रतननं भाकरी आणि सुकट खाल्ली, पोराला पाजलं आणि ती झोपली.

"वा तांडेल," सहदेव म्हणाला. "अण्णांनी हात लावला तर केवढा थयथयाट केलात. आणि मिठागरावरची बाई बोलली तर लगेच?"

"अण्णा कधी मचव्यात बसले होते?"

"आणि त्या विकल्या गेलेल्या एकोणचाळीस?"

विश्रामनं हातातली प्रत मिटली. लेखणी पुसली, दौतीला बूच लावलं आणि दोन्ही कमरेला धोतरात खोचल्या.

"सगळ्यांची घरं ठाऊक हायत," तो म्हणाला, आणि कल्याणच्या वाटेला लागला.