चौथा खांदा

गुरुदास सामंतांनी अ‍ॅस्बेस्टॉसचे सात खटले लढवले आणि सातही हरले. माणूस हुशार, मालवणच्या कोर्टात त्यांच्यापुढे उभं राहायला भले भले कचरायचे. पण पुरावाच जळून गेल्यावर हुशारी काय चाटायची आहे?

गोष्ट दर वेळी तीच. मुंबईतल्या पत्र्यांच्या कारखान्यात दहा-बारा वर्षं पांढरी धूळ खाल्लेला माणूस खोकत गावी यायचा आणि वर्षा-दोन वर्षांत संपायचा. कारखान्याचा डॉक्टर लिहायचा, क्षय. वकील म्हणायचे, क्षय नव्हे, धूळ. समोरचा वकील हसून विचारायचा, कशावरून? फुप्फुस तपासलं असतं तर कळलं असतं, पण ते तर कधीच राख होऊन गेलेलं.

आठवा खटला मिठबावच्या लवूचा. त्रेसष्टच्या दिवाळीत वकील त्याच्या घरी गेले तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता; आडवा झाला की श्वास लागायचा. जे मागायला आले होते ते वकिलांच्या तोंडून निघेना. जिवंत माणसाकडे त्याचं मढं मागायचं कसं? शेवटी लवूच बोलला.

"तुमका काय व्हया ता माझ्या छातीत आसा. मेल्यार फाडून घेवा."

वकिलांनी तिथेच कागद केला. लवूने अंगठा दिला, त्याची बायको सुगंधा हिने दिला. धाकट्या भावाने, भिकाजीने, मात्र हात मागे घेतला. तोही त्याच कारखान्यात सहा वर्षं होता. दादाला तंबाखूने खाल्लं, धुळीचं काही नाही, असं तो साऱ्या गावाला सांगायचा.

माघात लवू गेला. तार मिळताच वकील आले, तर भिकाजी तिरडी बांधून निघायच्या तयारीत. दारात सुगंधा आडवी उभी.

"वैनी, मेलेल्या माणसाचे हाल करू नको," भिकाजी म्हणाला.

"जितो आसताना हाल झाले, ते कोणी केले?" तिने विचारलं. भिकाजीने हातातला तिरडीचा दोर खाली टाकला.

धोंडू आणि परशुराम या गावातल्या दोघा मच्छीमारांनी आपली होडी दिली. मढं मालवणच्या सरकारी दवाखान्यात गेलं. डॉक्टरांनी फुप्फुसाचे तुकडे काचेच्या बरणीत भरले, सील केलं, आणि दुसऱ्या दिवशी लवू शिवून परत मिळाला.

मिठबावच्या किनाऱ्यावर होडी लागली तेव्हा कुणी नव्हतं. चिरफाड झालेल्या मढ्याला हात लावायचा नाही, असं भावकीने ठरवलं होतं. भिकाजीने दार लावून घेतलं होतं. धोंडू आणि परशुराम पुढे झाले. वकिलांनी कोट काढून होडीत ठेवला आणि मागच्या बाजूला तिसरा खांदा दिला. चौथा कोण? सुगंधाने पदर खोचला. बायकांनी मसणात जायची रीत नाही, हे तिला सांगायला वाटेत एकही माणूस भेटला नाही. वकिलांना फार लाज वाटली. बरणी मिळाल्याचा आनंद त्यांना होडीत झाला होता, त्याची.

खटला दोन वर्षं चालला. बरणीपुढे समोरच्या वकिलाचं हसू पळालं. पहिल्यांदाच निकाल मजुराच्या बाजूने लागला, आणि सामंतांचं नाव झालं. नाव म्हणजे काय, तर लोक त्यांना 'मढ्यांचो वकील' म्हणू लागले. खोकणारी माणसं तळेऱ्याहून, कुडाळहून यायची, आणि वकील प्रत्येकाकडे तेच मागायचे. सवयीने ते सोपं होईल असं त्यांना वाटलं होतं. झालं नाही.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात एक जण वकिलांच्या घराच्या पायरीवरच बसला, वर चढायला दम पुरेना म्हणून. वकील खाली उतरले. भिकाजी होता. गालफडं बसलेली, खोकला तोच. वकिलांनी तो दारातूनच ओळखला होता.

त्याने कागद मागितला. काय लिहायचं ते विचारलं नाही. पायरीवरच अंगठा दिला. मग शाईचं बोट धोतराला पुसलं.

"दादाक तुमी खांदो दिलात," तो म्हणाला. "मी घरात होतंय. फटीतसून बघी होतंय."

वकील त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"माका देतलात मा?"